तीस मीटर

“स्वतःचा चष्मा बदला म्हटलं की दोन वर्षं टाळाटाळ, आणि बंदुकीला चष्मा मात्र आजच्या आज हवा,” बंदुकांच्या दुकानात काउंटरपाशी उभी बायको पुटपुटली. नवऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तरुणपणी त्यांनी नेमबाजीत पदकं मिळवली होती. तेव्हापासून कपाटात पडून राहिलेली छोटी रायफल त्यांनी लेक सासरहून परत आली त्याच आठवड्यात बाहेर काढली. लेक दुकानातल्या स्टुलावर प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती जिन्यावरून पडली, असं घरात ठरलं होतं.

दुकानदाराने रायफलीवर बसवायच्या दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या. “काका, ही स्वस्त आहे, पण वर्षभरात हिची काच धुरकट होते. थोडे जास्त घाला, जन्मभर बघायला नको.”

“स्वस्तातलीच द्या. फार दिवस टिकायची गरज नाही.”

“बरं. नेम पन्नास मीटरला जुळवून देतो. या रायफलची स्पर्धा पन्नासवरच असते, तुम्हाला काय सांगायचं.”

“तीसला जुळवा.”

“तीसवर कसली आली स्पर्धा, काका?” दुकानदार हसला.

काका दुर्बिणीची काच रुमालाने पुसत राहिले. बायकोने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दुकानदारासमोर परत ठेवली.



“आमच्या खिडकीपासून फाटक तीस मीटरवर आहे, भाऊ. हिला न्यायला जावई रोज तिथेच येऊन उभे राहतात.”