डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला

"शंभरातून सात वजा करा, काकू."

"त्र्याण्णव. मग शहाऐंशी. अजून पुढचं हवंय?"

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मृत्युपत्राला जोडायचा होता. मी वार सांगितला, तारीख सांगितली, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले तेही सांगितलं. तरी डॉक्टर पेन उचलेनात.

"अख्खा फ्लॅट अंधशाळेला? एकदा पुतण्याशी बोलून घ्या ना. उद्या माझ्यावर यायला नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं त्या शाळेत ब्रेल शिकवलं मी.

"डॉक्टर, स्मरणशक्तीच तपासताय ना? मग ऐका. मागच्या वर्षी मी हाच फ्लॅट मृत्युपत्रात पुतण्याला लिहिला होता. तेव्हा शंभरातून काहीच वजा करायला लावलं नाहीत. फोनवर बोलता बोलता सही केलीत."