दीर्घिका जागच्या हलल्या

“तुमच्या केंद्रावरून बघितलं की दीर्घिका हलतात,” दुर्बिणींच्या जाळ्याचे प्रमुख फोनवर म्हणाले. “बाकी कुठूनही हलत नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय, बाई. पुढच्या बैठकीपर्यंत कारण सापडलं नाही, तर तुम्हाला वगळावं लागेल.”

घरामागची ती भलीमोठी पांढरी थाळी, म्हणजे केंद्राची रेडिओ दुर्बीण, तिच्या ताब्यात होती. देशोदेशीच्या अशा थाळ्या एकाच वेळी एकाच दीर्घिकेकडे तोंड करायच्या. सगळ्यांचे संकेत जुळवले की त्या दीर्घिकेची जागा कमालीची अचूक कळायची. दीर्घिका इतक्या दूर, की माणसाच्या हिशेबी त्या ढिम्म हलत नाहीत. पृथ्वीवरची नि आकाशातली सगळी मापं शेवटी त्यांच्याच भरवशावर. आणि हिच्या थाळीतून बघावं, तर त्याच दीर्घिका उन्हाळा लागल्यापासून सरकत होत्या. सगळ्या मिळून, एकाच बाजूला, ठरवून केल्यासारख्या.

वगळलं की केंद्राला कुलूप. मग घरही सोडायचं, कारण घर केंद्राचंच. तिने घड्याळ बदललं, तारा बदलल्या, अख्खं यंत्र उघडून पुन्हा बसवलं. शेवटी तिने हात टेकले. नवरा नोकरीमुळे दूर, शनिवार-रविवारचा पाहुणा. तो म्हणाला, “त्या नसतील गं हलत.” हे तिलाही ठाऊक होतं. पण कळत नव्हतं ते पुढचं: मग हलतंय काय?

घरात मात्र आनंदीआनंद होता. सासू-सासरे थंडीपासून इथेच राहायला आले होते. सासूबाईंचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. “तुझे सासरे म्हणजे काय सांगू,” त्या रोज सांगायच्या, “जन्मात कधी इकडची काडी तिकडे केली नाही.” पण या माणसाने इथे येऊन चक्क भोपळ्याचा वेल लावला होता. तोही थाळीच्या बुंध्याशी, कारण दुपारी तिथे सावली पडते. नळाचा पाइप वेलाच्या मुळाशी सोडायचा, शेजारी आरामखुर्ची टाकायची, तोंडावर वर्तमानपत्र घ्यायचं, की झालं बागकाम. वेल फोफावला होता. येईल त्या पाहुण्याला ते आधी वेल दाखवायचे, मग घर.

बैठक तोंडावर आली. प्रमुखांचा पुन्हा फोन आला. या खेपेला आवाज जरा मऊ होता.

“एक गंमत दिसली. मध्ये महिनाभर तुमच्या दीर्घिका परत जागेवर यायला लागल्या होत्या. तेव्हा काय वेगळं केलं होतंत?”

“काहीच नाही हो. उलट घरात शांतता होती. सासू-सासरे भाचीच्या लग्नाला गेले होते, ते तिकडेच रमले...”

ती बोलता बोलता थांबली. समोर खिडकी होती. खिडकीतून थाळी दिसत होती, थाळीच्या बुंध्याशी चिखल, चिखलात पाइप आणि शेजारी वर्तमानपत्राखाली सासरे. बाकी सगळ्या आवारात उन्हाने जमीन तडकली होती. चिकणमातीच ती. पाणी प्यायली की फुगणार, वाळली की बसणार. ती एका बाजूने फुगली आणि थाळीचा जुना पाया त्या बाजूला नाण्याच्या जाडीइतका उचलला गेला, तर इकडे थाळी हलणार आणि हिशेबात दीर्घिका हलणार. वर बघण्याच्या नादात इतक्या शहाण्या माणसांपैकी एकानेही पायाखाली बघितलं नव्हतं. तीसुद्धा त्यातलीच.

“बाबा,” ती संध्याकाळी म्हणाली, “पाइप बंद ठेवाल का? पाणी झारीने घाला, मुळापुरतं.”

“का गं? वेल कसा छान धरलाय!”

“अजून खात्री नाही, म्हणून आत्ता सांगत नाही. पण माझं केंद्र अडलंय त्यात.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पाइप गुंडाळून खोलीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ धापा टाकत झारी वाहू लागले. खुर्ची होती तिथेच राहिली, तिच्यात बसायला सवड कुणाला! सासूबाई पायरीवर बसून हे आश्चर्य बघत राहायच्या. सुनेला मात्र ते बघून गलबलून यायचं. तिने बैठक पुढे ढकलून घेतली होती. आता जमीन वाळायची वाट बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

आणि एके दिवशी फोन आला. “आल्या!” प्रमुख ओरडलेच. “तुमच्या दीर्घिका आल्या जागेवर. वगळणं रद्द. कारण काय लिहू?”

“भोपळा,” ती म्हणाली आणि हसत सुटली.

सासरे पहिला भोपळा काढून घरात घेऊन आले, तेव्हा तिने दोघांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सासऱ्यांचा चेहरा आधी उतरला. “म्हणजे माझ्यामुळे तुझं केंद्र बुडत होतं?” त्यांनी विचारलं.

“बुडत होतं, आणि तुम्हीच झारी उचलून वाचवलंत.”

मग हळूहळू त्यांची छाती फुगू लागली. ते सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“ऐकलंस ना? जन्मभर म्हणत आलीस, इकडची काडी तिकडे करत नाही. विश्वाच्या टोकाच्या दीर्घिका हलवल्या मी!”

भोपळा चिरता चिरता सासूबाईंनी मानही वर केली नाही.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “आणि त्याही झोपेत.”