पायाळूची लाथ

निफाडच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे क्रेट उचलताना सोमनाथच्या कंबरेत उसण भरली. दुखणं वाढत गेलं आणि शेवटी मणक्याचं ऑपरेशन झालं. विम्याचे साहेब चौकशीला आले, तेव्हा पॅकहाऊसचे शेठही शेजारी चहा पीत बसले होते.

"उसण भरल्यावर काय केलंस?"

"दुसरं काय, साहेब? पायाळू माणसाकडून कंबरेत लाथ मारून घेतली."

साहेब खूश झाले. "मग ऑपरेशन त्या लाथेमुळे झालं! क्रेटचा काय संबंध? ज्यानं लाथ मारली, त्याच्याकडूनच खर्च घे."

शेठना जोरात ठसका लागला.

सोमनाथनं तांब्या पुढे केला.

 

"पाणी प्या, शेठ. आख्ख्या पॅकहाऊसात पायाळू तुम्हीच तर एकटे!"