राजा एक घर मागे

सगुणची बोटं राजावर येऊन थांबली. पटावर आता दोन राजे आणि पाच प्यादी उरली होती. घड्याळात चार मिनिटं. डाव जिंकला तर अंधांच्या राज्य संघात जागा. बरोबरी झाली तर नाही.

डिचोलीच्या त्या हॉलमध्ये भिंतीलगत त्याची बायको चंद्रावती बसली होती. सगुणची नजर गेल्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून चोपडे गावातल्या घरी ती रोज संध्याकाळी त्याला बुद्धिबळाच्या शेवटच्या टप्प्याची पुस्तकं वाचून दाखवायची. राजा कुठे, प्यादं कुठे, चाल कुणाची. तो ऐकायचा आणि चाचपून पटावर मांडायचा. एक पान संपलं की मान हलवायचा. मग ती पुढचं पान वाचायची.

आता तिची नजर पटावर होती. इथे एक शब्द बोलला तरी डाव बाद. तिने ओठ घट्ट मिटले.

सगुणने पटाच्या भोकातून राजा उपसला आणि एक घर पुढे खोवला.

तिने डोळे मिटून घेतले. सहा चालींनंतर डाव बरोबरीत सुटला.

बाहेर व्हरांड्यात प्रतिस्पर्धी देवेश भेटला. कॉलेजात शिकणारा, त्यालाही अंधुकच दिसायचं. त्याचा सगळा अभ्यास बोलणाऱ्या फोनवर चालायचा. "थांबा काका, कुठे चुकलं ते हा सांगेल," असं म्हणत त्याने सहा चालींआधीची पटावरची स्थिती फोनला सांगायला घेतली.

"राजा एक घर मागे घेवक होयो होतो," चंद्रावती हळूच म्हणाली. "चाल फुकट घालवायची. मग ह्या पोराला हलावंच लागलं असतं."

देवेशने उरलेली स्थिती सांगून टाकली. क्षणभराने फोन बोलला. राजा, एक घर मागे.

सगुणने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तुका कसा कळला?"

"बावीस वर्सां वाचतंय."

"मग कधी बोललंस नाय?"

"तुमी कधी इचारलातच नाय."

तो कठडा चाचपत देवेशकडे वळला. आत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"देवेश," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यातल्या खुल्या स्पर्धेची नावं अजून घेतात?"

"घेतात. तुमचं लिहायला सांगू?"

"नको. चंद्रावतीचं."