पुजाऱ्याची नजर

देवासाठी काम बंद ठेवायच्या दिवसाला आम्ही रोमन लोक ‘फेरिए’ म्हणतो. दिवस एकच असला तरी शब्द अनेकवचनीच. ज्युपिटरच्या पुजाऱ्याला तर बारा महिने फेरिए. काम करणारा माणूस त्याच्या नजरेस पडला, की पूजा बाटते आणि दंड आमच्या माथी बसतो. म्हणून ‘कामं थांबवा’ असं ओरडत त्याच्या पुढे दवंडीवाला चालतो.

आज दवंडी आली तेव्हा नांगराचा फाळ ऐरणीवर लालबुंद होता. हातोडा ठेवून मी मुकाट्यानं दाराबाहेर येऊन बसलो. म्हातारा पुजारी रोज सरळ पुढे जातो, आज नेमका माझ्यापाशी थांबला.

“काय रे नुमेरियस, बसलास?”

“बसलो, महाराज.” मनात म्हटलं, आता सरका पुढे.

“आत फाळ निवत असेल ना?”

“निवतोय.”

त्यानं दवंडीवाल्याला पुढे पाठवलं, माझ्या दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

“जा, घाल घाव. मला दिसत नाहीये. जन्मभर हा हातोड्याचा आवाज मी पुढे गेल्यावर माझ्या पाठीमागेच सुरू झालाय, एकदा समोरून ऐकू दे.”