फाट्याच्या वरचे चार थांबे

मावशींनी नेहमीसारखे पैसे पुढे केले. कंडक्टर एरवी त्यांची मूठ मिटवून पुढे सरकायचा. आज त्याने मशीनची कळ दाबली आणि तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

"चेकर चढणार आहे वाटतं आज?" मावशी हसून म्हणाल्या. तोही कसनुसा हसला.

टेकडीवरच्या वस्तीतून बसमध्ये चढणारं हे एकच माणूस. सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिससाठी. बाकीचे दिवस फाट्याच्या वरच्या चार थांब्यांवर चिटपाखरू नसायचं. आपण बसला हवा खायला वर नेतो, असं ड्रायव्हर म्हणायचा. आठ महिन्यांपूर्वी कंडक्टरने मावशींचा सुया टोचून काळानिळा पडलेला हात पहिल्यांदा पाहिला. त्या दिवसापासून त्याने त्यांचं तिकीट काढलं नाही. असल्या गोष्टीचा गाजावाजा करायचा नाही, हा त्याचा खाक्या. खरं सांगायचं तर त्या दोन दिवशी स्वारी स्वतःवर जरा खूश असायची.

आज सकाळी डेपोतल्या नियोजन अधिकाऱ्याने त्याला बोलावून घेतलं होतं. आसपासच्या साठ-सत्तर गावांच्या बस, शाळेच्या गाड्या, दवाखान्याच्या गाड्या, सगळ्यांचं मिळून नवं वेळापत्रक बसत होतं. टेबलभर नकाशा पसरलेला. माणूस वाईट नव्हता. एकेका वस्तीसाठी तो वरच्यांशी भांडला होता आणि महिन्याला दहा तिकिटं निघाली तरी फेरी चालू ठेवायची, एवढं त्याने पदरात पाडून घेतलं होतं.

"दहा असती तरी मी कोणाला हात लावू दिला नसता," तो कळवळून म्हणाला. "पण फाट्याच्या वर आठ महिने नुसता भोपळा आहे. कोणीच बसत नाही का रे तिथे?"

एकट्या मावशींचीच महिन्याला सोळा झाली असती, जाऊन-येऊन. ते कंडक्टरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विनातिकीट प्रवासी नेला म्हणजे नोकरीवर पाणी, त्यात दयामाया नाही. घरी पाच तोंडं आणि कमावता हा एकटा.

"कोणी नाही, साहेब," तो म्हणाला. अधिकाऱ्याने पेन्सिलीने चार थांबे खोडले आणि खाली त्याची सही घेतली.

आता फाटा जवळ येत होता. मागच्या सीटवर टेकून कंडक्टरने एका दमात सांगून टाकलं, की सोमवारपासून बस फाट्यापर्यंतच येणार. मावशींनी खिडकीबाहेरच्या चढाकडे पाहिलं. सकाळचं एक वेळ उतरून येईन, त्या हळूच म्हणाल्या. संध्याकाळी मात्र तोच चढ चढून जायचा होता. डायलिसिस करून परतताना त्यांना बसच्या तीन पायऱ्याही त्याचा हात धरल्याशिवाय चढवत नसत.

"कोणी केलं रे हे?"

"वरून आलंय," तो म्हणाला.

"ज्याने केलं त्याला आई असेल ना? तिला चालव म्हणावं एकदा या चढावरून."

सांगून टाकावं, होईल ते होईल, असं कंडक्टरला वाटलं. त्याने तोंड उघडलंही. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून मावशींनाच भरून आलं. त्यांनी सुजलेल्या हाताने त्याचा हात थोपटला.

"तू कशाला जिवाला लावून घेतोस? तुझ्यासारखी चार माणसं तिथे ऑफिसात असती ना, तर ही बस कधी बंद झाली नसती."