लोखंडाच्या आठ माळा

फू सानने कुदळ बाजूला टाकली आणि हातांनीच माती उकरायला लागला. बरणीला घाव बसला असता तर बायकोने जन्मभर ऐकवलं असतं. तुतीखालची माती ओली होती. चेंगदूत ती कोरडी कधी असते म्हणा! इथं सूर्य दिसला की कुत्रीसुद्धा भुंकतात.

अंगणात स्टुलावर दलालीण निउबाई बसली होती, आणि तिच्याशेजारी बोचकं घेऊन फूची मुलगी सूयून उभी होती. अकराव्या वर्षी आईबापांनी तिला रेशमाच्या मागवाल्याकडे कामाला बांधून दिलं होतं. आता ती एकोणीस वर्षांची झाली होती. मागवाला म्हातारा मेला आणि त्याची पोरं मुली विकून मोकळी होत होती. नदीच्या खालच्या अंगाच्या एका व्यापाऱ्याने बारा मुली घेतल्या होत्या आणि दुपारच्या नगाऱ्याला नाव सुटणार होती. लोखंडी नाण्यांच्या आठ माळा मोजा आणि तुमची पोर ठेवून घ्या, असं निउबाईने सकाळीच येऊन सांगितलं होतं. तिला काय, दलाली दोन्हीकडून होती.

फूची छाती मात्र आज फुगली होती. दोन वर्षांपूर्वी नाणी ठेवून घेऊन कागदी पावत्या देणारी पेढी बुडाली तेव्हा अर्धी गल्ली ऊर बडवत होती, आणि हा दारात बसून म्हणत होता, कागद उंदीर खातात, लोखंडाला कोण खाणार? हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची. आज त्याने ते निउबाईलाही ऐकवलं.

बरणी वर आली. ती त्याच्या बायकोची, लुओची. वीस वर्षं तिने त्यात मोहरीची पानं आणि मुळे मिठाच्या पाण्यात मुरवले होते. काठाभोवती पाण्याची पन्हळ, वर पालथं झाकण, आत वारा शिरायची सोय नाही. घरात याहून भरवशाचं भांडं नव्हतं, म्हणून पोर मागावर गेली त्याच वर्षी तिने ते रिकामं करून दिलं आणि वर्षाला एक माळ त्यात गेली. माळेची दोरी कुजली की नाणी विखुरतात, हे कुणालाही ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक दोरीला तिने तीन तीनदा तेल पाजलं होतं.

झाकण काढल्यावर आंबट वास आला. फूने हात घातला. हात आत जाईना. त्याने बरणी हलवली, पालथी केली, बुडावर थापट्या मारल्या. काहीच पडेना. शेवटी ज्या बरणीला कुदळ लागू दिली नव्हती, ती त्याने स्वतःच पाट्यावर आपटली.

खापऱ्या पडल्या आणि लोखंड तसंच उभं राहिलं. बरणीच्याच आकाराचा एक लाल गोळा होता तो. लुओने एक खापरी उचलून जिभेला लावली.

"खारट आहे," ती म्हणाली.

फू छिन्नी घेऊन आला. घाव घातला की पापुद्रे निघत, पापुद्र्याखाली भुकटी निघे. लोहाराला वजनावर देऊ, असं तो पुटपुटत होता. लोहार लोखंड घेतो, गंज घेत नाही, हे निउबाईने त्याला सांगितलं, पण तुटकपणे नाही. तिचीही सकाळ वाया चालली होती, तरी तिने घाई केली नाही.

सूयूनने बोचकं खाली ठेवलं. अंबाड्यातली सळई काढून ती बापाशेजारी बसली आणि गंज खरवडायला लागली. मागावर गुंता सोडवणारे हात ते, पापुद्रे हलक्या हाताने वेगळे करत होते. स्वतःचीच किंमत अशी टोकरून काढायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. अक्षरं वाचता येतील असं एखादं नाणं सापडलं की ती ते चटईवर ठेवायची. हळूहळू तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

दोऱ्या मात्र सगळ्या निघाल्या. काळ्या, तुळतुळीत, अख्ख्या. लुओने एक दोन्ही हातांत धरून जोराने ओढली. ती तुटली नाही.

"दोरीला तेल मीच लावलं होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत तेच म्हणाली.

वेशीवर दुपारचा नगारा वाजला. निउबाई उठली आणि तिने कपड्यांवरचा गंज झटकला. चटईवर चार नाणी होती.

फूने ती गोळा केली, सदऱ्याला पुसली आणि लेकीच्या मुठीत कोंबली. त्याला रडूही नीट येत नव्हतं.

"वाटेत काहीतरी गरम खा, पोरी."

निउबाईने दुसरीकडे बघत म्हटलं, "नाव जाते त्या खिंडीच्या पलीकडं तांबं चालतं, भाऊ. तिथं लोखंडाला कुणी नाणं म्हणत नाही."

सूयूनने मूठ उघडून नाण्यांकडे पाहिलं. मग आईचा हात ओढून घेतला आणि चारही नाणी तिच्या तळव्यावर ठेवली.

"असू दे, आई. मीठ तरी येईल."